टाळ्या मिळाल्या, प्रश्न एकही नाही

मागच्या रविवारी आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरचा मेसेज आला. “ताई, गुरुवारी माझा सेमिनार आहे. पीपीटी पाठवते. बोअर होत नाहीये ना, तेवढंच सांग.”

उघडून बघितली. पहिल्या स्लाइडवर कोडं. दुसरीवर मीम. तिसरीवर श्रोत्यांनी मोबाइलवरून मत द्यायचा क्यूआर कोड. चौथीवर तिचं आणि गाइडचं नाव. गेली अडीच वर्षं तिनं नेमकं काय केलंय हे नवव्या स्लाइडपर्यंत कळत नव्हतं. आणि तिच्या कामातली खरी गोम होती सतराव्या स्लाइडवर, खाली डाव्या कोपऱ्यात, भिंग घेऊन वाचावी लागेल इतक्या बारीक अक्षरात.

मला हसू आलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी हुबेहूब असाच सेमिनार दिलाय. तिला उत्तर लिहायला बसले आणि ते लांबत गेलं. म्हणून इथेच लिहितेय. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटची तयारी करताय, त्यांना वाटत असेल की हे आत्ता कशाला, आधी ॲडमिशन तर होऊ दे. पण इंटरव्ह्यूमध्ये तुमच्या संशोधनाचा प्रस्ताव मांडायला जी दहा मिनिटं मिळतात, तेही प्रेझेंटेशनच आहे. सवय तिथूनच लागते.

आधी त्या कार्यशाळेबद्दल. प्रत्येक युनिव्हर्सिटीत, प्रत्येक इन्स्टिट्यूटमध्ये वर्षातून एकदा ‘प्रेझेंटेशन स्किल्स’ची कार्यशाळा होते. तुम्हालाही होईल. कोणीतरी बाहेरून येतं, कॉलर माइक लावतं आणि पहिल्या अर्ध्या तासात एक गोल तक्ता दाखवतं: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के, देहबोलीचा ५५ टक्के. मी हा तक्ता तीन वेगवेगळ्या कार्यशाळांत पाहिलाय. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून आलेत. त्या प्रयोगांत लोकांना एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला होता, चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते आणि विचारलं होतं की बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी वाटते की नावड. बस, इतकंच. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, तेव्हा भावनेबाबत माणूस कशावर विश्वास ठेवतो, याचे ते आकडे. भावना आणि आवडीनिवडींच्या पलीकडे हे समीकरण लावू नका, असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलंय. नाहीतर तमिळ अजिबात न येणाऱ्या माणसाला तमिळ व्याख्यानातलं ९३ टक्के समजायला हवं होतं, नाही का?

आता तुम्ही म्हणाल, एका चुकीच्या तक्त्यावर इतकं काय चिडायचं. चिडायचं कारण असं की संशोधन करणाऱ्यालाच तो तक्ता सांगतो की तुझ्या म्हणण्याला फार किंमत नाही, हातवारे सुधार. आणि आपण ते मानतो, कारण आपल्याला आतून भीती असतेच. माझी भीती इंग्रजीची होती. शाळा मराठी, कॉलेज अर्धं मराठी. सेमिनार पाठ करून दिला की वाक्यं बरोबर येतात, पण कोणी मध्येच काही विचारलं तर गाडी रुळावरून खाली. मग आपण काय करतो? कोडं घालतो, मीम टाकतो, लोकांना हसवतो. श्रोते गुंतले असं वाटतं. प्रत्यक्षात आपण त्यांना आपल्या कामापासून लांब ठेवलेलं असतं.

आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, स्लाइडकडे पाठ करून उभं राहावं, वेळ पाळावी, हे सगळं खरंच आहे. त्यावर वाद नाही. ते आठ दिवसांत शिकता येतं आणि त्यासाठी ब्लॉग लिहायची गरज नाही.

माझ्या सेमिनारकडे येते. माझं काम ठाणे खाडीच्या गाळावर आहे. ट्रॉम्बेच्या बाजूला, कांदळवनाच्या पुढे जो चिखल ओहोटीला उघडा पडतो, त्यात पाइप खुपसून आम्ही गाळाचा उभा नमुना काढतो. त्याला कोअर म्हणतात. मग त्याच्या पातळ चकत्या कापून प्रत्येक चकतीतलं शिसं-२१० मोजायचं. हे शिसं निसर्गतःच तयार होतं. जमिनीतून हवेत रेडॉन वायू येतो, त्यातून पुढे हे शिसं बनतं, पावसाबरोबर आणि धुळीबरोबर खाली येतं आणि गाळात अडकतं. साधारण २२ वर्षांत ते निम्मं होतं. त्यामुळे जितकं खोल जाल तितकं कमी सापडतं, आणि किती खोलीवर किती उरलंय यावरून तो थर कधी साचला ते काढता येतं. त्यातून खाडी वर्षाला किती भरतेय याचा अंदाज येतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: एकदा बसलेला गाळ पुन्हा ढवळला जात नाही. माझ्या कोअरमध्ये वरच्या चार-सहा बोटांत शिशाचं प्रमाण उतरतच नव्हतं. आलेख वर सपाट आणि मग खाली उतरता. सपाट म्हणजे तेवढा भाग कोणीतरी ढवळलाय. आणि ढवळलेल्या गाळाला न ढवळलेला समजून गणित केलं, तर खाडी भरण्याचा वेग खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणजे माझा जो मुख्य आकडा होता, तोच फुगलेला असण्याची शक्यता होती. हे मला ठाऊक होतं. गाइडनाही सांगितलं होतं. सेमिनारमध्ये ते एकतिसाव्या स्लाइडवर होतं. एकूण स्लाइड एक्केचाळीस, वेळ वीस मिनिटं. तुम्हीच हिशोब करा एकतिसावी स्लाइड किती सेकंद दिसली असेल.

सुरुवात मात्र झकास होती. फ्लेमिंगोंचा फोटो. “सांगा, यात किती पक्षी आहेत?” सगळे मोबाइल घेऊन आकडे टाकायला लागले, खसखस पिकली. आमच्याकडे फ्लेमिंगो म्हणजे हुकमी एक्का. हिवाळा आला की खाडीवर येतात, २०१५ साली अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव लागलं. सगळ्यांना माहिती, सगळ्यांना आवडतात. माझ्या गाळाच्या वयाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. शेवटी टाळ्या. “एनी क्वेश्चन्स?” शांतता. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, “व्हेरी एंगेजिंग टॉक,” म्हणाले आणि आम्ही चहाला गेलो. मी खूश होते, हे कबूल करते. प्रश्न आला नाही म्हणजे सुटले, असं वाटलं होतं.

नंतर साधारण महिन्याभराने पुढचा कोअर काढायला गेलो. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातल्या एका तांडेलांच्या होडीतून जायचो. पाणी उतरायची वाट बघत जेट्टीवर बसलो होतो आणि काकांनी सहज विचारलं, हा चिखल नेऊन करता काय? हाताशी ना स्लाइड ना फ्लेमिंगो. आदल्या खेपेचा रिकामा पाइप होता. त्यावर बोटानं दाखवत सांगितलं, हा वरचा भाग अलीकडचा, हा खालचा जुना, खाली खाली शिसं कमी होत जातं, त्यावरून वय काढतो. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग खेकड्यांचं काय? चिंबोरी उकरते, निवटी बिळं करते, खालचा चिखल वर येतो, वरचा खाली जातो. तुम्ही कुठला नवा आणि कुठला जुना म्हणणार?

एकतिसावी स्लाइड! दोन मिनिटांत. सेमिनार हॉलमध्ये बसलेल्या पन्नासेक लोकांना वीस मिनिटांत जे विचारता आलं नाही, ते काकांना विचारता आलं. काका हुशार होतेच, पण तिथे बसलेलेही काही कमी नव्हते. फरक असा होता की काकांना मी माझ्या युक्तिवादाचा सांगाडा दाखवला होता आणि सांगाड्यातला कच्चा सांधा कोणालाही दिसतो. हॉलमध्ये मी सजावट दाखवली होती. उत्तर ऐकायला काका थांबले नाहीत, पाणी उतरलं होतं. पण मला तेव्हापासून एक खूण कळली: श्रोता गुंतला म्हणजे तो हसला किंवा त्यानं मोबाइलवर बटण दाबलं असं नव्हे. तुमचं म्हणणं खरं आहे की नाही हे तो स्वतः तपासायला लागला, म्हणजे गुंतला.

ही खूण डोक्यात ठेवून मी एक जुनं भाषण वाचलं. ट्रॉम्बे भागात राहणाऱ्याला होमी भाभांचं नाव टाळता येत नाही. गेटवर, बसच्या पाटीवर, मानखुर्दच्या विज्ञान शिक्षण केंद्रावर, सगळीकडे आहे. नाव इतकं डोळ्यांसमोर असतं की त्या माणसाचं बोलणं वाचायचं राहूनच जातं. ८ ऑगस्ट १९५५ रोजी जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रसंघाची अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. सत्तरहून अधिक देशांचे प्रतिनिधी, अणुविज्ञानातली जगातली बहुतेक मोठी नावं आणि अध्यक्षस्थानी पंचेचाळीस वर्षांचे भाभा. तेव्हा ट्रॉम्बेच्या संस्थेला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. आपल्याकडे एकही अणुभट्टी चालत नव्हती. ‘अप्सरा’ सुरू झाली ४ ऑगस्ट १९५६ ला, म्हणजे जवळजवळ वर्षानंतर. ज्यांच्याकडे भट्ट्याही होत्या आणि बाँबही, अशा देशांच्या शास्त्रज्ञांसमोर हा माणूस उभा होता. तुमच्या-माझ्या सेमिनारपेक्षा श्रोते जरा जास्तच कठीण म्हणायचे.

सुरुवात कशी केली बघा. अणूपासून केलीच नाही. प्राचीन नदीखोऱ्यांतल्या संस्कृतींपासून केली, आणि मग एक आकडा ठेवला: धडधाकट माणसानं दिवसाचे आठ तास जड काम केलं, तरी त्याच्या हातून जेमतेम अर्धा किलोवॅट-तास इतकंच उपयोगी काम होतं.

आपल्या भाषेत, अर्धं युनिट. लाइटच्या बिलावरचं युनिट. हजार वॅटची इस्त्री अर्धा तास चालवा, अर्धं युनिट झालं. एका मजुराचा अख्खा दिवस म्हणजे चार शर्ट आणि एक साडी! मी वाचता वाचता थांबले आणि वहीत हिशोब केला. माणसाची शक्ती सलग काम करताना साधारण ७० ते ७५ वॅट धरतात. गुणिले आठ तास. बरोबर येतं. भाभांचा पुढचा मुद्दा असा की स्वतःच्या पोटापुरतं जाऊन माणसाकडे फार काही उरत नाही, म्हणून जुन्या काळात थोड्यांच्या सुखसोयींसाठी पुष्कळांना राबावं लागलं, गुलाम ठेवले गेले. मग कोळसा आणि तेल आलं, ऊर्जेचं दुसरं पर्व. आता अणू, तिसरं.

हा भाग मला प्रेझेंटेशन म्हणून फार आवडतो. का? समोरच्या प्रत्येक भौतिकशास्त्रज्ञाला तो अर्धा किलोवॅट-तास मनातल्या मनात ताडून बघता येत होता. आकडा त्यांना नवा नव्हता. गुलामगिरीच्या शेजारी आणून ठेवलेला मात्र नवा होता. भाभांनी श्रोत्याच्या खिशातलंच नाणं काढून त्याची दुसरी बाजू दाखवली. कोडं नाही, विनोद नाही, आणि ऐकणाऱ्याचं डोकं चालू झालं. डोकं चालू झालं की आक्षेपही येतात. मलाही आला: गुलामगिरीला एकटं ऊर्जेचं कारण पुरत नाही. सत्ता, कर्ज, युद्ध, जन्म, हे सगळं त्यात येतं. वाफेचं इंजिन आलं त्यानंतरही कितीतरी वर्षं गुलामांचा व्यापार चालूच होता. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं तिथे हात वर करायला हवा. पण हात वर करता येतो, हीच त्या मांडणीची चांगली बाजू आहे.

आणि मग येतं ते वाक्य, ज्यासाठी हे भाषण आजही उद्धृत केलं जातं. भाभा म्हणाले की संमीलनातून मिळणारी ऊर्जा, म्हणजे सूर्यात हलके अणू एकत्र येऊन जी मिळते ती, नियंत्रित रीतीनं मिळवायची पद्धत येत्या दोन दशकांत सापडेल असं भाकीत करायचं धाडस मी करतो. तसं झालं की समुद्रातला जड हायड्रोजन हेच इंधन, आणि मग जगाचा ऊर्जेचा प्रश्नच संपला.

सभागृहात याचा परिणाम काय झाला असेल, याची कल्पना करा. अमेरिका, ब्रिटन आणि रशिया हे तिघेही त्यावर काम करत होते आणि तिघांनीही ते गुप्त ठेवलं होतं. ज्यांना माहीत होतं त्यांना बोलता येत नव्हतं. अध्यक्ष मात्र व्यासपीठावरून तेच बोलून मोकळे झाले. थोड्याच दिवसांत अमेरिकेला असं काम चालू असल्याचं कबूल करावं लागलं. एका वाक्यानं कोंडी फुटली. श्रोत्यांवर याहून मोठा परिणाम कुठल्या संशोधकाच्या भाषणानं साधला असेल, मला तरी पटकन आठवत नाही.

पण ज्या खुणेनं अर्ध्या युनिटचा भाग वाचला, त्याच खुणेनं हे वाक्य वाचा. दोनच दशकं का? एक का नाही, पाच का नाहीत? वाक्याच्या मागे हिशोब दिलेला नाही. तपासायला श्रोत्याच्या हाती काहीच नाही. वीस वर्षं थांबणं तेवढं शक्य आहे. १९७५ आलं आणि गेलं. भाभा ते बघायला नव्हते, २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लांवरच्या विमान अपघातात ते गेले. आपल्याकडे गांधीनगरला ‘आदित्य’ टोकामॅक १९८९ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतल्या लेझर प्रयोगात इंधनावर पडलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा पहिल्यांदा बाहेर आली ती डिसेंबर २०२२ मध्ये: २.०५ मेगाज्यूल आत, ३.१५ बाहेर. तिथेही ते लेझर चालवायला विजेच्या तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. त्या आठवड्यातल्या बऱ्याच मथळ्यांत हा तिसरा आकडा नव्हता. त्यांची एकतिसावी स्लाइड म्हणा.

भाभांची बाजूही सांगायला हवी. त्यांनी ‘धाडस करतो’ असं स्वच्छ म्हटलं होतं. ते अध्यक्ष म्हणून बोलत होते, स्वतःचा प्रयोग सांगत नव्हते. अध्यक्षानं लांबचं बघावं अशी अपेक्षा असते, आणि गुप्ततेची भिंत पाडायला कदाचित असंच वाक्य लागतं. म्हणून मी त्यांना दोष देत नाही. मला भीती तुमची-माझी वाटते. आपण भाभांकडून नक्कल करायला उचलतो ती वीस वर्षं, अर्धं युनिट नाही. प्रत्येक प्री-सिनॉप्सिसच्या शेवटच्या स्लाइडवर कॅन्सर बरा होतोय, खाडी वाचतेय, शेतकऱ्याचं उत्पन्न वाढतंय. मीही लिहिलं होतं.

याच गोष्टीचं पुढचं प्रकरण मला त्याहून जवळचं वाटतं. एप्रिल १९५६. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन ब्रिटनच्या दौऱ्यावर आले, बरोबर त्यांच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख इगोर कुर्चातोव्ह. २५ एप्रिलला त्यांनी हार्वेलच्या ब्रिटिश अणुसंशोधन संस्थेत व्याख्यान दिलं. विषय हाच, संमीलन. गुप्त समजलं जाणारं काम त्यांनी उघडपणे सांगितलं: जड हायड्रोजनच्या वायूतून प्रचंड विद्युतप्रवाह सोडला की वायू आक्रसतो, तापतो, आणि त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडलेले दिसले.

इथे जरा थांबा. न्यूट्रॉन दिसणं म्हणजे त्या काळी लॉटरीच. तापमान पुरेसं वाढून अणू एकत्र आले की न्यूट्रॉन निघतात. तुम्ही त्यांच्या जागी असता तर हा आलेख पहिल्या स्लाइडवर, लाल बाणासकट. कुर्चातोव्हनी न्यूट्रॉन सांगितले आणि लगेच हेही सांगितलं की ते संमीलनाच्या तापमानामुळे आलेले नाहीत. वायूतल्या अस्थिरतेमुळे थोडे कण भलत्याच वेगानं ढकलले जातात आणि त्यांच्या धडकेतूनही न्यूट्रॉन निघू शकतात. म्हणजे खूण दिसली तरी गोष्ट घडलीच असं धरू नका. स्वतःच्या सर्वांत आकर्षक निष्कर्षातली कच्ची बाजू त्यांनी परक्या देशात, प्रतिस्पर्ध्यांसमोर ठेवली. समोर बसलेल्यांपैकी काही जण गुपचूप तेच काम करत होते. त्या खोलीत कोणाला डुलकी लागली असेल असं मला वाटत नाही.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाही. त्याच हार्वेलमध्ये पुढच्याच वर्षी ‘झीटा’ नावाचं यंत्र सुरू झालं. त्यात न्यूट्रॉन दिसले. जानेवारी १९५८ मध्ये पत्रकार परिषद झाली. शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या निबंधात भाषा जपून वापरलेली होती. पण पत्रकारांनी खोदून विचारल्यावर संचालक सर जॉन कॉकक्रॉफ्ट म्हणाले, हे न्यूट्रॉन संमीलनातूनच आल्याची मला ९० टक्के खात्री आहे. कॉकक्रॉफ्ट म्हणजे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ, कोणी सोम्यागोम्या नव्हे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जणू सूर्यच पृथ्वीवर आणला होता. मग हार्वेलच्याच बेसिल रोज यांनी त्या न्यूट्रॉनांची ऊर्जा मोजली. तापमानामुळे निघाले असते तर ते सगळ्या दिशांना सारखे हवेत. इथे विद्युतप्रवाहाच्या दिशेप्रमाणे फरक पडत होता. म्हणजे कुर्चातोव्ह बजावून गेले होते, तसलेच न्यूट्रॉन. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला.

निबंध जपून लिहिला होता आणि घात झाला तो तोंडी उत्तरात, हे लक्षात घ्या. कागदावर आपण सगळेच प्रामाणिक असतो. ‘लिमिटेशन्स’ नावाचा परिच्छेद असतोच. बोलायला उभं राहिलं, समोर माणसं दिसली, त्यांना काहीतरी खणखणीत हवंय असं वाटलं, की जीभ घसरते. प्रेझेंटेशनमधली खरी जोखीम तिथे आहे आणि ती कुठल्या कार्यशाळेत शिकवलेली मी पाहिली नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. सगळं खरं, ताई, पण कमिटीपुढे आपणच आपली कच्ची बाजू काढली तर ते आपल्यालाच धुतील ना?

धुतात. खोटं कशाला सांगू. जेट्टीवरच्या त्या दिवसानंतर मी पुढच्या प्रगती सेमिनारला फ्लेमिंगो काढून टाकले आणि सुरुवात केली ती सपाट आलेखापासून. “हा भाग सपाट का आहे हे मला अजून नीट माहीत नाही. खेकडे असतील, तर माझा वेग फुगलेला आहे. काहीतरी दुसरं असेल, तर नाही. आज मी फक्त एवढंच ठरवायचा प्रयत्न करणार आहे.” स्लाइड एकूण अकरा. सहाव्या मिनिटाला एका सरांनी मला अडवलं. मग दुसऱ्यांनी त्यांना अडवलं. वीस मिनिटांचा सेमिनार पंचावन्न मिनिटं चालला. माझं इंग्रजी दोनदा कोसळलं. दुसऱ्यांदा मी सरळ मराठीतून बोलले आणि एका मॅडमनी ते बाकीच्यांना सांगितलं. आकाश काही कोसळलं नाही. शेवटी कमिटीनं सांगितलं की जिथे बिळं कमी आहेत अशा जागेचा आणखी एक कोअर हवा, त्याशिवाय हा आकडा छापायचा नाही. त्यात माझे आठ महिने गेले. फेलोशिपचा कालावधी काही आठ महिन्यांनी वाढला नाही. शेवटचे काही महिने घरून पैसे मागवले, आणि ते मागताना काय वाटतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.

त्या दिवशी “एंगेजिंग टॉक” असं कोणी म्हटलं नाही. पण त्यातला एक जण अजून भेटला की आधी विचारतो, खेकड्यांचं काय झालं? फ्लेमिंगोंचं कोणी विचारत नाही.

नव्या कोअरमधून आकडा खाली आला. किती, ते निबंध आल्यावर लिहीन. तांडेल काकांनाही सांगितलं. ते म्हणाले, भरतेय तर खरी ना? भरतेय, म्हटलं, पण आधी म्हणत होते तितक्या वेगानं नाही. त्यांना तो फरक विशेष वाटला नाही. ओहोटीला त्यांची होडी पूर्वी जिथे टेकत नव्हती तिथे आता टेकते, आणि तो प्रश्न माझ्या आकड्यानं सुटत नाही. यावरही कधीतरी लिहायला हवं.

तर ज्युनिअरला मी काय सांगितलं? मीम राहू दे म्हटलं, बरं आहे ते, मलाही हसू आलं. क्यूआर कोड काढ. आणि सतराव्या स्लाइडवरची ती बारीक अक्षरातली ओळ मोठी करून दुसऱ्या स्लाइडवर आण, नावाच्या लगेच नंतर. तिचं उत्तर बराच वेळ आलं नाही. रात्री अकराला आलं: “पण ताई, मग लोक पहिल्या मिनिटापासून तेच विचारत बसतील.”

मी हो म्हटलंय. सेमिनार गुरुवारी साडेतीनला आहे. मी मागच्या रांगेत बसणार आहे.